हितगुज : कस कमी सांगू नये

दर महिन्याला तीस-पस्तीस पत्रं येतात, त्यातली चार-दोनच इथे घेता येतात. या वेळी निवडायला वेळ लागला नाही. सांगोल्याकडच्या एका शिक्षिकेचं पत्र, पुण्यातल्या एका तरुणाचं, लातूरच्या एका वाचकाचं आणि वाईजवळच्या एका निवृत्त गृहस्थांचं. चौघांचं दुखणं एकाच गावचं आहे, पण औषध एकच देता येईना.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 19 वर्षं शिकवते. गेली 6 वर्षं शिष्यवृत्तीचा जादा वर्ग सकाळी साडेसातला घेते, एक पैसा न घेता. यंदा आमची 4 मुलं गुणवत्ता यादीत आली. तालुक्याला सत्कार झाला. शाल-श्रीफळ मिळालं ते ज्यांनी फक्त परीक्षेचे अर्ज भरले त्या सहकाऱ्यांना. मला मुलांना रांगेत बसवायचं काम दिलं होतं. टाळ्या मीही वाजवल्या. मिस्टर म्हणतात, "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही." सासूबाई म्हणतात, "लहानपण देगा देवा." मी कोणाचं ऐकू? नम्र राहिले ही माझी चूक झाली का?

उत्तर : बाई, "टाळ्या मीही वाजवल्या" हे वाक्य तुम्ही किती जपून लिहिलंय! त्याच्या पुढेमागे काहीच नाही. मला तुमचा तो अख्खा कार्यक्रम त्यात दिसला.

मी सोनाराची मुलगी. सोन्याची म्हण कोणी ऐकवली की मला आमचं बार्शीचं दुकान आठवतं. दुकान कसलं, सहा बाय आठची खोली. आत बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी, फुंकणी, मुशी, आणि वडिलांच्या उजव्या हाताला तळव्याएवढा काळा दगड. कसोटी. गहाण ठेवायला किंवा मोडायला डाग, म्हणजे दागिना, आला की वडील तो दगडावर घासत. पिवळी रेघ उमटे. शेजारी ठाऊक असलेल्या सोन्याच्या काडीची रेघ ओढत. मग दोन्हींवर तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा थेंब. हलकं असेल ते विरून जाई, उरेल ते खरं. त्या दोन-चार क्षणांत दुकानात कोणी बोलत नसे.

येणाऱ्या बहुतेक बाया गरजेपोटी आलेल्या. काही म्हणत, "अण्णा, चोख सोनं आहे, माहेरचं आहे." काही आधीच मान खाली घालून म्हणत, "असेल हलकंच, बघा काय येतं ते." वडिलांचं दोघींना एकच उत्तर : "थांबा, दगड सांगेल." एकदा अशीच एक मान खाली घातलेली बाई आली. बोरमाळ होती. मी शेजारी गृहपाठ करत बसले होते. रेघ तशीच्या तशी राहिली. वडिलांनी दगड तिच्यासमोर धरला आणि बाहेर उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बावीस कॅरेट आहे. कस कमी सांगू नये बाई. जास्त सांगणं खोटं, तसं कमी सांगणंही खोटंच." ती बाई इतकी सरळ उभी राहिली की मला ती उंच झाल्यासारखी वाटली. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. नम्रतेबद्दल पुढे किती वाचलं, पण माझं सगळं वाचन त्या दगडाशीच येऊन थांबतं.

म्हणून तुमच्या प्रश्नातला एक शब्द मी बदलते. तुम्ही "नम्र राहिले" म्हणता. तुम्ही गप्प राहिलात. आपण या दोन शब्दांची फार सरमिसळ करतो, बायकांच्या बाबतीत तर जास्तच. गप्प बसलेल्या बाईला घर नम्र म्हणतं, शाळा नम्र म्हणते आणि मग तीही स्वतःला तेच म्हणवून घेते.

हे मी ऐकीव सांगत नाही. तिशीच्या आत असताना मी एका प्रवचनकार बुवांची प्रवचनं 6 वर्षं उतरवून घेतली. दोनशेपानी 11 वह्या भरल्या. त्यांचं पुस्तक निघालं. ऋणनिर्देशात कागदवाल्याचं नाव होतं, छापखान्याचं होतं, मुखपृष्ठवाल्याचं होतं. माझं नव्हतं. सगळे म्हणाले, किती समजूतदार मुलगी, एका शब्दानं बोलली नाही. आणि ती समजूतदार मुलगी रात्री सगळे निजल्यावर ते पुस्तक काढून फक्त ऋणनिर्देशाचं पान वाचत बसायची. पुस्तकात ज्ञानेश्वरीवरची अडीचशे पानं होती, ती मी उघडलीही नाहीत. ही नम्रता होती? मला नाव हवं होतं आणि मागायची भीती वाटत होती, एवढंच खरं. वर ती भीती मी संतांच्या शेल्यात गुंडाळून ठेवली होती.

वडिलांनी एका रात्री पाहिलं. ते म्हणाले, "वह्या किती?" मी म्हटलं, अकरा. "मग अकरा सांगून ये. बारा सांगू नकोस, दहा सांगू नकोस." मी गेले. बुवांना म्हटलं, या अकरा वह्या मी लिहिल्या आणि पुस्तकात माझं नाव नाही, याचं मला वाईट वाटलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढच्या आवृत्तीत घालू. पुढची आवृत्ती निघालीच नाही. माझं नाव आजतागायत कुठे छापलेलं नाही. पण त्या रात्री मी ज्ञानेश्वरीची पानं वाचली.

तेव्हा बाई, एक साधा कागद घ्या. कोणत्या वर्षापासून वर्ग घेतला, वर्षाला किती मुलं बसली, किती लागली, तेवढंच लिहा. "अहोरात्र कष्ट" वगैरे शब्द नकोत, नुसते आकडे. मुख्याध्यापकांना द्या आणि शाळेच्या दप्तरी नोंद करून घ्या. आवाज चढवू नका, डोळ्यांत पाणी आणू नका, सहकाऱ्यांचं नावही काढू नका. ते लोक मानतील किंवा मानणार नाहीत. कस सांगणं तुमच्याकडे, भाव लावणं बाजाराकडे. बाजारानं भाव पाडला म्हणून बाविसाचं अठरा होत नाही.

हे शेवटचं माझ्या वडिलांना वाचून कळलेलं नव्हतं. 1963 साली सुवर्ण नियंत्रण आलं, 14 कॅरेटपेक्षा जास्त कसाचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. गावोगावचे सोनार बसले. आमच्या दुकानाच्या फळ्या लागल्या आणि वडील मार्केट यार्डात तोलार म्हणून जाऊ लागले. 8 गुंजांचा मासा आणि 12 माशांचा तोळा मोजणारा माणूस ज्वारीची पोती तोलू लागला. ओळखीचे लोक हळहळत. वडील घरी येऊन सांगत, "आज एका शेतकऱ्याचं अडीच किलो वाचवलं, काट्याखाली खडा होता." त्या दोन-तीन वर्षांत मी त्यांना कधी लहान झालेलं पाहिलं नाही. संध्याकाळी ते नरहरी सोनारांचा अभंग म्हणायचे, "देवा तुझा मी सोनार, तुझे नामाचा व्यवहार." दुकान बंद असतानाही सोनारच. गीतेच्या सहाव्या अध्यायात "नात्मानमवसादयेत्" असं आहे, स्वतःला खचू देऊ नये. तो श्लोक शाळेत पाठ केला तेव्हा मला अर्थ विचारावा लागला नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तुकोबांच्या त्या अभंगात मुंगीला साखरेचा रवा मिळतो, तेही त्यांना सांगा. मुंगी लहान आहे, पण तिचा रवा दुसऱ्या कोणाच्या तोंडात घालायला तुकोबांनी सांगितलेलं नाही.

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, वय 27. दरवर्षी स्वतःच्या कामाला 1 ते 5 पैकी गुण द्यायचे असतात. आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये असं घरचं वळण, म्हणून मी सगळीकडे 3 लिहितो. साहेब म्हणतात, "तूच तीन म्हणतोस, तर मी चार कुठून देऊ?" हे असले फॉर्म म्हणजे अहंकार वाढवण्याचं शिक्षण वाटतं. काय करू?

उत्तर : बाळा, आईवडिलांनी स्तुती करू नको सांगितलं, ते योग्यच. मोजू नको असं त्यांनी कुठे सांगितलं? वरचं उत्तर वाच, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

पण तुला एक वेगळी गोष्ट विचारायची आहे. सगळीकडे 3 कसे? जिथे तू 4 च्या लायकीचा आहेस तिथे कमी लिहितोस, हे तू मला सांगितलंस. जिथे 2 आहेत तिथेही 3 च लिहितोस ना? ते पत्रात नाही. मधला आकडा मोठा सोयीचा असतो, वरचंही झाकतो आणि खालचंही.

गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती कथा तुला ठाऊक असेल. कथा सांगणारे बहुधा नामदेवांचा रुसवा रंगवून सांगतात. मला त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. साक्षात विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो असे नामदेव, त्यांना सगळ्यांसमोर 2 गुण मिळाले. ते चिडले, रडले, देवाकडे तक्रार घेऊन गेले, आणि मग औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. तू या वर्षी एका रकान्यात 4 लिही, एका रकान्यात 2 लिही, आणि दोन्हींपुढे एकेक ओळ पुरावा लिही. तुझ्या साहेबांना तुझा 2 वाचल्यावर तुझ्या 4 वर विश्वास बसेल.

प्रश्न : तुमच्या सदरात संतांच्या नम्रतेची उदाहरणं नेहमी येतात. मी लातूरकडचा. माझ्या पणजोबांना गावात "जोहार मायबाप" म्हणत दारोदार फिरावं लागलं. आमच्याकडून नम्रता पिढ्यान् पिढ्या वसूल केली गेली. ज्यांना कधी वाकावं लागलं नाही त्यांनी नम्रता शिकवावी, याचा मला राग येतो. तुम्हाला हे पत्र छापायचं धाडस होईल का?

उत्तर : पत्र छापलं आहे, एक शब्दही गाळलेला नाही. तुमचा राग खरा आहे आणि त्याला मी "शांत व्हा" म्हणणार नाही.

आधी माझ्या घरचं सांगते. वर मी वडिलांच्या दगडाबद्दल एवढ्या अभिमानानं लिहिलं. त्या दुकानात काही गिऱ्हाइकं फळीखाली रस्त्यावर उभी राहत. त्यांचा डाग वडील तितक्याच काळजीनं घासत, कस तितकाच खरा सांगत. पण त्यांनी पाणी मागितलं तर आई ओंजळीत वरून ओतायची. दगड सगळ्यांना एकच होता, तांब्या एक नव्हता. मला हे दिसायला फार वर्षं लागली. वडील जिवंत असताना मी त्यांना हे विचारलं नाही. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

वाकायला लावणं आणि वाकणं या दोन गोष्टींना आपल्याकडे एकच शब्द वापरला गेला, ही मोठी लबाडी झाली. ज्याला सरळ उभं राहायची मुभाच नाही, त्याच्या वाकण्याला नम्रता म्हणता येत नाही. आणि चोखोबांच्या घरानं हे सातशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. चोखोबांच्या "ऊस डोंगा"चं कौतुक सगळे करतात, पण त्यांच्या मुलाचे, कर्ममेळ्याचे अभंग कीर्तनात क्वचित ऐकू येतात. "आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती," असं तो देवाला विचारतो. उष्टं खाण्यात जन्म गेला याची तुला लाज कशी वाटत नाही, इथपर्यंत जातो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. बोरमाळवाली बाई कस लावल्यावर सरळ झाली होती. हा मुलगा कोणी कस लावायची वाट न पाहता देवासमोर सरळ उभा राहतो. माझ्या लेखी तो भक्तच, आणि भक्त असूनही कस कमी न सांगणारा.

मंगळवेढ्यात गावकूस कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या असं परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वारात, मंदिराबाहेर. अस्पृश्य मानलेल्यांसाठी आतलं दार उघडायला मे 1947 उजाडावा लागला, साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. गुरुजींइतका मवाळ माणूस शोधून सापडायचा नाही. तो मवाळ माणूस दार उघडेपर्यंत हटला नाही. आणि पुढच्याच वर्षी, 1948 साली, बाबासाहेबांचा अस्पृश्यतेच्या उगमावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला, तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेचा मी पुष्कळ विचार केला आहे. चोखोबांच्या मार्गानं बाबासाहेब गेले नाहीत, पण चोखोबांची किंमत त्यांनी कमी सांगितली नाही.

यापुढे या सदरात नम्रतेबद्दल लिहीन तेव्हा कोणाला सांगते आहे, हे आधी पाहीन. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात वेगळा तांब्या होता, त्यांनी तो पहिला धडा आपला समजावा. तुमच्या पणजोबांबद्दल आणखी लिहून पाठवलंत तर मला वाचायला आवडेल.

प्रश्न : वय 74. गावच्या सोसायटीचा सचिव म्हणून 26 वर्षं काम केलं. पूर्वी कुठल्याही लग्नात माइकवरून माझं नाव पुकारलं जाई, फेटा बांधत. आता नवी पोरं यादी करतात. परवा एका लग्नात शेवटचं नाव होईपर्यंत खुर्चीच्या कडेवर बसून राहिलो. नाव आलं नाही. न जेवता घरी आलो. देवाधर्माचं वाचतो, तरी मन आवरत नाही. हसू नका.

उत्तर : काका, हसण्यासारखं काय आहे त्यात? खुर्चीच्या कडेवर बसलेला माणूस मला समोर दिसतोय. मी पुस्तकाच्या एका पानासाठी तसंच बसले होते.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय पुन्हा काढा. अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं, सांगताना माउली म्हणतात, मान मिळू लागला की असा माणूस पारध्यानं कोंडलेल्या हरणासारखा कासावीस होतो. हातांनी पोहत जाणारा भोवऱ्यात सापडावा, तसा. आपण मानाला शेकोटी समजतो, उबेसाठी जवळ सरकतो. माउलींना त्यात पारधी दिसतो. मी ही ओवी वर्षानुवर्षं वाचली, पण तुमचं पत्र वाचल्यावर तिचा अर्थ लागला : तुम्हाला त्या खुर्चीवरून उठता येईना, जेवण समोर असून जेवता येईना. कोंडणं याहून वेगळं काय असतं?

तुमच्या कामाचा कस ठरलेला आहे. 26 वर्षांच्या कर्जवाटपात कोणाची विहीर झाली, कोणाची बैलजोडी आली, कोणाचं कर्ज तुम्ही दारात जाऊन शांतपणे वसूल केलं आणि त्याची अब्रू राखली, हे तुम्हाला तोंडपाठ असणार. एखाद्या सकाळी बसून ते वहीत लिहा. कोणाला दाखवू नका. माइकवाल्या पोराला ते माहीत नाही आणि माहीत असण्याचं त्याचं वयही नाही.

दुसरं मागणं थोडं अवघड आहे. कोजागिरी झाली की तुमच्याही गावात देवळात काकडा सुरू होईल. महिनाभर पहाटे कोणीतरी सर्वांआधी जाऊन सभामंडप झाडतं, सतरंज्या अंथरतं, समया पुसतं. ते काम मागून घ्या. पुजाऱ्याला सांगा, महिनाभर मी करतो. वारीत अनोळखी माणसं एकमेकांच्या पाया पडतात. कोण आधी वाकला याचा हिशेब तिथे कोणी ठेवत नाही. चालायला पाय साथ देत नसतील तर ती सवय देवळातही लागते. पहिले चार-सहा दिवस लोक म्हणतील, "अहो, तुम्ही कशाला?" ते ऐकायला फार बरं वाटेल. तिथे सांभाळा, तोही फेटाच आहे. आठ-दहा दिवसांनी कोणी काही म्हणायचं नाही, पाय पुसून सरळ तुमच्या सतरंजीवर येऊन बसतील. त्या दिवशी कसं वाटलं, ते मला पत्रानं कळवा. आणि पुढच्या लग्नात आधी जेवून घ्या.